विमानाचें रॉकेल

२७ एप्रिल २०१७ रोजीं 'उडान' योजनेखालीं हैदराबाद व नांदेड ह्या दोन शहरांमध्यें प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्या मार्गावर ट्रूजेट कंपनीनें एटीआर ७२ जातीचीं विमानें योजिलीं होतीं. पुढें २०२२ सालीं त्या कंपनीचीं उड्डाणें थांबलीं. एटीआरच्या पंखांवर मोठालीं पातीं फिरतांना दिसतात, म्हणून हें विमान जुन्या धाटणीच्या इंजिनाचें असावें असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः तीं पातीं फिरविणारें यंत्र टर्बाइन जातीचें आहे, आणि त्याचें अन्न म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील रॉकेलचेंच शुद्ध केलेलें भावंड होय. हें अन्न इंजिनाच्या मुखीं नेमकें कसें घालावें, ह्या एका प्रश्नानें मोठमोठ्या यंत्रशास्त्रज्ञांना कित्येक वर्षें छळिलें.

ज्यानें हवा भरण्याचा स्टोव्ह पेटविला आहे त्याला ह्या प्रश्नाचें मर्म सहज उमगेल. रॉकेल द्रवरूपांत नीट जळत नाहीं. तापलेल्या नळींतून जातां जातां त्याची वाफ होते, तेव्हां कोठें निळी ज्योत लागते. नळी पुरेशी तापली नसेल, तर पिवळा भडका उडतो. इंग्लंडांत फ्रँक व्हिटल ह्यानें आपल्या पहिल्या इंजिनांत हेंच तत्त्व योजिलें होतें. १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथील कारखान्यांत तें इंजिन प्रथम चालूं झालें आणि पाहतां पाहतां त्याचा वेग आवरेना. व्हिटलनें इंधनाची तोटी बंद केली, तरी वेग चढतच राहिला. जवळचे कामगार जीव घेऊन पळाले. व्हिटल मात्र जागचा हलला नाहीं. कांहीं वेळानें यंत्र आपोआप शांत झालें. कारण पुढें उघडकीस आलें: आधींच्या तपासणीच्या वेळीं गळलेलें इंधन ज्वलनकक्षाच्या तळाशीं सांचलें होतें, आणि तोटी बंद झाल्यावरहि तें जळतच होतें.

त्याच वर्षीं जर्मनींत हान्स फोन ओहाइन ह्यानें आपल्या प्रायोगिक इंजिनांत हायड्रोजन वायु जाळून द्रव इंधनाची अडचण तात्पुरती टाळली. व्हिटलची अडचण मात्र १९४० सालीं दूर झाली. शेल कंपनीचे आयझॅक लबक ह्यांनीं इंधनाची वाफ करण्याचा नाद सोडून, त्याला दाबाखालीं बारीक छिद्रांतून फवारण्याची युक्ति पुढें आणिली. अत्तरदाणींतून तुषार उडावे तसे इंधनाचे सूक्ष्म कण हवेंत मिसळून जळूं लागले. १५ मे १९४१ रोजीं व्हिटलच्या इंजिनावर चालणारें विमान आकाशांत गेलें.

ज्योत स्थिर झाली. परंतु मापाचा प्रश्न उरलाच. इंधन अधिक पडलें तर टर्बाइनचीं पातीं जळून जाण्याची भीति. कमी पडलें तर ज्योत विझण्याची. शिवाय विमान जसजसें उंच चढतें तसतशी हवा विरळ होते, आणि तितक्या हवेंत पूर्वींइतकें इंधन जळूं शकत नाहीं. म्हणून इंजिनाची फिरण्याची गति, बाहेरील हवेचा दाब आणि वैमानिकाची इच्छा ह्या तिहींचा मेळ घालून इंधन मोजून सोडणारें नियंत्रक यंत्र आवश्यक झालें.

एटीआर ७२ च्या दोन पंखांतील टांक्यांत मिळून सुमारें ५,००० किलो इंधन मावतें. प्रत्येक टांकींत एक लहान कप्पा सदैव भरलेला राखतात, म्हणजे विमान कलंडलें तरी पंपाच्या तोंडाशीं हवा येत नाहीं. आरंभीं विजेचा पंप इंधन पुढें ढकलतो. इंजिनानें जोर धरला कीं त्यानेंच परत पाठविलेली दाबयुक्त इंधनाची बारीक धार आजूबाजूचें इंधन आपल्याबरोबर ओढून नेते; ह्या पंपांत एकहि फिरणारा भाग नसतो. पुढें इंधन किंचित् तापवून गाळतात, त्याचा दाब वाढवितात, मोजतात आणि मग फवारतात.

तापविण्याचें कारण पाणी. २०१६ च्या एप्रिलांत ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील माणसाला पाण्याचे चार थेंब कोणाचें वाईट करतील हें पटणें कठीण. परंतु इंधनांत अल्पसें पाणी नेहमींच असतें, आणि उंचावरील थंडींत त्याचें बर्फ होतें. १७ जानेवारी २००८ रोजीं बीजिंगहून आलेलें बोइंग ७७७ विमान लंडनला उतरतांना त्याच्या दोन्ही इंजिनांनीं ऐनवेळीं जोर धरला नाहीं, आणि तें धावपट्टीच्या अलीकडेंच आदळलें. नळ्यांतून सुटलेलें बर्फ इंधन तापविणाऱ्या यंत्राच्याच तोंडाशीं अडकलें होतें. सुदैवानें विमानांतील सर्व १५२ जण वाचले, आणि त्या यंत्राची घडण पुढें बदलण्यांत आली.

त्याहून शोचनीय कथा एटीआर ७२ चीच आहे. ६ ऑगस्ट २००५ रोजीं ट्युनिसिआच्या एका कंपनीचें विमान इटलींतील बारीहून निघालें. आदल्या दिवशीं त्यांत इंधनमापक बदलला होता. परंतु बसविलेला मापक एटीआर ४२ ह्या धाकट्या विमानाचा होता. दोन्ही मापक एकाच खांचेंत बसतात, पण टांक्यांचे आकार निराळे असल्यानें हा मापक प्रत्यक्षाहून अधिक इंधन दाखवीत राहिला. दोन्ही इंजिनें बंद पडलीं आणि विमान सिसिलीजवळ समुद्रांत उतरवावें लागलें. ३९ जणांपैकीं १६ जण मृत्यु पावले. इंजिनांत दोष नव्हता, पंपांत नव्हता. केवळ आंकडा खोटा होता.

म्हणूनच उड्डाणापूर्वीं टांकीच्या तळांतून थोडें इंधन काढून त्यांत पाणी आहे काय हें पाहतात, आणि भरलेल्या इंधनाचा हिशेब मापकाशीं ताडून घेतात. घरांत तेलाच्या डब्यांत काठी बुडवून खात्री करून घेणारी गृहिणी ज्या सावधगिरीनें वागते, तीच सावधगिरी नांदेडच्या धावपट्टीवर विमानास निरोप देणाऱ्या तंत्रज्ञासहि बाळगावी लागते.