‘ब्रिटिश प्रजा’ : तापीकाठावरून एक मागोवा

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्या दिवशी गेले. इंग्रजांच्या कायद्यात या पाचही मुलांची ओळख ‘ब्रिटिश प्रजाजन’ अशी होती. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याची ओळखही तीच आणि बंदुकीचा घोडा ओढणाऱ्या शिपायाचीही तीच.

त्याच आठवड्यात शहादा तालुक्यातल्या एखाद्या घरी मूल जन्मले असेल, तर त्याची गोष्ट आणखी अजब आहे. पाच वर्षांचे असताना ते स्वतंत्र भारताचे झाले. पण ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला. त्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक ब्रिटनच्या लेखी ‘ब्रिटिश प्रजाजन’च राहिले आणि त्या देशांच्या यादीत भारत होता. १९८१ चा कायदा १ जानेवारी १९८३ ला अमलात येईपर्यंत हे असेच चालले. म्हणजे हे मूल मोठे झाले, शेती करू लागले, पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याला ऊस घालू लागले, चाळिशीला आले, आणि लंडनच्या दप्तरी तोवर ब्रिटिश प्रजाच होते. त्याला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. जी ओळख असल्याचे कळतच नाही, तिचा अभिमान कसला?

तरी याच मराठी मुलुखात एके काळी ‘ब्रिटिश प्रजा’ म्हणवून घेण्यात मान वाटणारी माणसे होती. ती सगळीच खुशमस्करी नव्हती. काही तर आपल्या इतिहासातली सर्वांत ताठ कण्याची माणसे होती. ब्रिटिश असण्याचा अभिमान ब्रिटनमध्येच किती उरला आहे, यावर आज तिकडे पुष्कळ चर्चा चालते. ती ऐकताना मला आपल्याकडचा हा जुना अभिमान आठवतो. तो कुठून आला आणि कुठे गेला, हे तापीच्या काठावरून पाहण्याजोगे आहे.

खानदेशात इंग्रजांचा अंमल आला १८१८ मध्ये. पुरुषोत्तमनगरापासून तापीच्या वरच्या अंगाला, आजच्या शिरपूर तालुक्यात थाळनेरचा किल्ला आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपची फौज तिथे पोहोचली. शरणागतीच्या बोलाचालीत गोंधळ उडाला, दरवाजात इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. शरण आलेल्या किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने या मोहिमेबद्दल सैन्याचे आभार मानले, पण ठरावाच्या पाठिंब्यातून थाळनेरची फाशी मुद्दाम वगळली. या वगळण्याने किल्लेदार परत आला नाही. तरीही ही बारीकशी नोंद मला महत्त्वाची वाटते. ब्रिटिश नावात एक वचन आहे, ते मोडले तर जाब विचारता येतो, ही समजूत पुढे शंभर वर्षे आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी उराशी धरली. तिचे बीज अशा जागी आहे.

डोंगरातल्या माणसाला मात्र ते वचन कोणी वाचून दाखवले नाही. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली आणि धरणगावला तिचे ठाणे झाले. घाटवाटांवर पहारा, महिन्याला पगार, अंगावर गणवेश, हा इथला सरकारचा पहिला चांगला चेहरा. खाज्या नाईक असाच सरकारी चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करत होता. १८५७ मध्ये तो उलटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल मारले गेले आणि बायाही पकडून नेल्या गेल्या.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ब्रिटनच्या राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला. हिंदुस्थानातली प्रजा आणि आमची इतर प्रजा यांच्याबाबतीत आमची कर्तव्ये सारखीच आहेत आणि जात, वंश, धर्म न पाहता लायकीप्रमाणे सरकारी जागा मिळतील, असे त्याचे आश्वासन होते. अंबापाणी आणि हा जाहीरनामा यांच्यामध्ये सात महिनेही नाहीत. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसांनी जाहीरनामा सनद म्हणून जपला. सातपुड्यात राणी पोहोचली ती रुपयावरून. ११.६६ ग्रॅम वजनाचा तो चांदीचा रुपया भिल्ल-पावरा बायांनी ओवून गळ्यात घातला. नंतर त्या माळांत एडवर्ड आले, पंचम जॉर्ज आले. राज्यकर्त्याचा मुखवटा इतक्या जवळ, अगदी छातीवर, साम्राज्यात फार कमी लोकांनी बाळगला असेल. पण त्याचे मोल चांदीचे होते. अडीअडचणीला माळेतले दोन रुपये काढता येत, तेवढाच त्या चेहऱ्यावरचा भरवसा.

आता जाहीरनामा जपणाऱ्यांकडे वळू. त्यांत दोन जातींची माणसे होती. एका जातीला नावापुढे ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ लागले की पुरे व्हायचे. या किताबांना सरसकट हसणे बरोबर नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी दोघेही रावबहादूर होते आणि दोघांनीही आपल्या समाजाला ऐकवायचे ते ऐकवले. पण पुष्कळ घरांत किताब म्हणजे दारावरची पाटी आणि लग्नपत्रिकेतली ओळ एवढेच उरले. तो अभिमान मिळालेल्या वस्तूचा होता. १९२० च्या असहकारात किताब परत करण्याची हाक आली, तेव्हा त्याची परीक्षा झाली.

दुसऱ्या जातीच्या माणसांचा अभिमान मागणाऱ्याचा होता, आणि त्याच्यासाठीच हा मागोवा घ्यावासा वाटतो. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे राणीचा मुलगा, मेजवानीला आला. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांमध्ये जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि त्यांनी त्याला सांगितले की, ही मंडळी म्हणजे राणीची प्रजा नव्हे. खरी प्रजा बघायची तर खेड्यांत आणि अस्पृश्यांच्या वस्तीत जा. जोतीराव राणीचे शत्रू नव्हते. पेशवाईत ज्यांना अक्षर बंद होते, त्यांना इंग्रजी राज्यात शाळेचे दार किलकिले झाले, हे ते मोकळेपणाने म्हणत. म्हणूनच ते दार पूर्ण उघडत नाही हे राणीच्या मुलाला तोंडावर सांगण्याचा हक्क आपला आहे, असे त्यांनी मानले. ‘प्रजा’ म्हणजे पायाशी बसणारी, हा अर्थ त्यांनी त्या दिवशी पुसला.

गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. या अर्जांत राजनिष्ठा आहे आणि आज वाचताना ती कानाला खटकते. पण ज्याला गावच्या विहिरीवर प्रजा तर सोडाच, माणूसही मानत नाहीत, त्याने ‘आम्हीही बादशहाची प्रजा आहोत’ म्हणणे ही केवढी मोठी झेप होती! ती ओळख त्याला जातीच्या वर नेत होती. ती ज्यांना जन्मतःच फुकट मिळाली होती, त्यांना तिची इतकी किंमत कळलीच नसती.

मुंबईचे दोन पारशी गृहस्थ त्याच सुमारास खुद्द पार्लमेंटात पोहोचले. १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्झबरी यांनी, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसा’ला निवडणार नाहीत अशा अर्थाचे उद्गार दादाभाई नवरोजींबद्दल काढले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना निवडून दिले, जेमतेम पाच मतांच्या आघाडीने. १८९५ मध्ये ते पडले आणि त्याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे निवडून आले. भावनगरींना साम्राज्याचा मनापासून अभिमान होता. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी मात्र तेही सभागृहात भांडले. दादाभाईंचा अभिमान अधिक अवघड होता. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला त्यांनी जे नाव दिले, त्यात हिंदुस्थानातल्या राज्यकारभाराला ब्रिटिशपणाला न शोभणारा ठरवले. इंग्रजांपेक्षा हा वृद्ध पारशीच ब्रिटिश नावाची बूज राखत होता. त्या नावाच्या बळावरच तो हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडत होता.

असा अभिमान टिकायला वचन पाळले जावे लागते. १८७० च्या दशकात सनदी परीक्षेसाठी वयाची अट एकवीसवरून एकोणीसवर आणली, तेव्हा जाहीरनाम्यातले ‘लायकीप्रमाणे’ हे आश्वासन पोकळ झाले. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजावरचे हिंदी प्रवासी ब्रिटिश प्रजाजन असूनही कॅनडाच्या बंदरातून परत धाडले गेले. एकाच राजाच्या प्रजेत गोरी प्रजा आणि काळी प्रजा आहे, हे मग कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

शेवटचा हिशेब बाबासाहेब आंबेडकरांनी केला. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी विचारले : ब्रिटिश येण्यापूर्वी अस्पृश्याला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसात-सैन्यात जागा नव्हती, आज यातले काय बदलले? वलंगकर-कांबळ्यांनी ज्या नावाने अर्ज केले, त्या नावाने काय दिले याचा हा जमाखर्च होता आणि तो बादशहाच्याच राजधानीत वाचला गेला. माझ्या मते मराठी माणसाच्या मनातला ब्रिटिश प्रजा असण्याचा अभिमान त्या सभागृहात संपला. नंदुरबारची पोरे १९४२ मध्ये मिरवणुकीत निघाली तेव्हा टाकून देण्यासारखेही काही राहिले नव्हते. त्याआधीच, डिसेंबर १९३६ मध्ये, याच खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. नवी ओळख तिथे आकाराला येत होती. शहाद्याच्या मोठ्या शिक्षणसंस्थेला पूज्य साने गुरुजींचेच नाव आहे.

इथे थांबून इंग्रजांना नावे ठेवत बसणे सोपे आहे. पण तीच मोजपट्टी आपल्यालाही लागते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा शहाद्याच्या आदिवासींना, सावकारीत आणि लबाडीत गेलेल्या आपल्याच जमिनींसाठी उठावे लागले. अंबरसिंग सुरतवंती पुढे झाले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. भारताचा नागरिक हे नाव मिळूनही जमीन, मजुरी आणि मान या तिन्हींसाठी झगडावे लागले. म्हणूनच २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी पंतप्रधानांच्या उपस्थितीत वाटले गेले, तेव्हा खानदेशाने ती गोष्ट जपून पाहायला हवी होती. आधारच्या कायद्यातच लिहिले आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही.

राहता राहिले ब्रिटनमधले मराठी लोक. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. ज्या घरात बाबासाहेब शिकताना राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. तिकडे स्थायिक होणाऱ्याला एक दिवस ठरवावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड घ्यायचे. २००४ पासून तिकडे नागरिकत्वाचा समारंभ होतो, राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. फुल्यांच्या, दादाभाईंच्या पिढीवर ही ओळख वरून आली होती. यांनी ती अर्ज करून, फी भरून, परीक्षा देऊन घेतली आहे. बऱ्याच जणांच्या मनात तिच्याबद्दल खरा जिव्हाळा असतो, आणि तो पाहून ‘हे परके झाले’ म्हणणे अन्यायाचे आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट जिथे आपले म्हणून वागवते, तिथे मन बसते.

उलट जन्माने ब्रिटिश असणाऱ्यांचे चित्र गुंतागुंतीचे आहे. ब्रिटनमधल्या सामाजिक वृत्तींच्या प्रसिद्ध पाहणीत २०१३ साली देशाच्या इतिहासाचा अभिमान सांगणारे ८६ टक्के होते, २०२३ मध्ये ६४ टक्के. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २०११ मध्ये स्वतःला फक्त ‘ब्रिटिश’ म्हणवणारे सुमारे १९ टक्के होते, २०२१ मध्ये ते ५५ टक्क्यांच्या आसपास गेले. त्या दहा वर्षांत देशप्रेमाची लाट आली नव्हती. अर्जावर ‘इंग्लिश’च्या आधी ‘ब्रिटिश’ हा पर्याय छापला गेला होता, आणि तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच ते नमूद केले. इतिहासाबद्दलचा अभिमान उतरला याचे अनेकांना तिकडे दुःख आहे. मला त्यात वाईट दिसत नाही. थाळनेरची फाशी आभारातून वगळणाऱ्या पार्लमेंटचे वारस त्या इतिहासाकडे पुन्हा पाहू लागले असतील, तर त्याने त्यांच्या नावाला बळच येईल.

आणि १९४९ ची ती अजब तरतूद पूर्ण मेलेली नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये राहत असेल तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. लोणखेडा किंवा शहाद्याच्या कॉलेजातून शिकून पुढच्या पदवीसाठी लंडनला गेलेली पुरुषोत्तमनगरची मुलगी, खिशात भारतीय पासपोर्ट ठेवून, जुलै २०२४ च्या निवडणुकीत मतदार यादीत नाव घालू शकत होती. युरोपातल्या बहुतेक देशांतून येऊन तिच्या शेजारी वीस वर्षे राहणाऱ्या माणसाला तो हक्क नव्हता. दादाभाई ज्या पाच मतांनी निवडून आले, तसल्या एका मताची ती धनी आहे, आणि तिच्या वर्गातल्या किती जणींना हे ठाऊक आहे हे विचारायला हवे.