कारखान्याचे दार आणि आपली मुले
(शिकाऊ उमेदवारीच्या इतिहासातील काही पाने)

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्तिनिधीचा इतिहास लिहून द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले होते. तो इतिहास पूर्वीच्या अंकांतून येऊन गेलेला आहे. तेच दळण पुन्हा दळण्यापेक्षा, सांप्रत कार्यकारी मंडळापुढे जो प्रश्न पडला आहे त्याची पूर्वपीठिका सांगावी, असे आम्ही ठरविले. प्रश्न असा की, एका मोठ्या कंपनीने आपल्या मुलांसाठी ‘करिअर मार्गदर्शन’ मेळावा भरविण्याची आणि गुणवंतांस दप्तरे व रोख बक्षिसे देण्याची तयारी दाखविली आहे. काही सभासदांस ही पर्वणी वाटते. काहींस ती कंपनीची निव्वळ जाहिरात वाटते. आम्हांस दोन्ही मते घाईची वाटतात. कारखानदारांनी तरुणांच्या शिक्षणास हात देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. त्यांनी कोणत्या वेळी काय दिले आणि त्यापासून मुलांच्या पदरात काय पडले, हे पाहिल्यावाचून होकार वा नकार कळवू नये, एवढ्याच हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली. यंत्रे लँकेशायरहून आली आणि यंत्रांबरोबर ती चालविणारे मास्तरही तिकडूनच आले. पुढे गिरण्या वाढल्या, धुराड्यांनी आकाश काळे झाले, तरी यंत्राचे मर्म जाणणारा माणूस साहेबच राहिला. ही परिस्थिती मालकांच्या खिशासही परवडणारी नव्हती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिला भायखळ्याची पहिली जागा मिळाली ती गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यामुळे. कापड तयार करण्याची कला आणि यंत्रविद्या हे तेथील आरंभीचे मुख्य विषय. १९२३ मध्ये ही संस्था माटुंग्यास गेली व १९९७ मध्ये तिचे ‘वीरमाता जिजाबाई’ असे नामकरण झाले. मालकांचा यात स्वार्थ होता काय? होता. त्यांना स्वस्तात जाणते लोक हवे होते. परंतु त्या स्वार्थाचा आणि मुलांच्या हिताचा रस्ता काही मैल तरी एकच होता, हे विसरून चालणार नाही.

मात्र गिरणीचे दार सर्वांस सारखे उघडे नव्हते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. विणकाम खात्यात कामगारास जास्त मजुरी मिळे. पण तेथे धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा वापरावा, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात पाऊल टाकू दिले जात नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. जातींच्या संस्थांच्या स्मरणिकांतून ही गोष्ट सहसा लिहिली जात नाही, म्हणून आम्ही ती मुद्दाम लिहीत आहोत.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये जो निधी स्थापिला त्याची घडण निराळी होती. हुशार विद्यार्थ्यास परदेशी उच्च शिक्षणासाठी रक्कम द्यावयाची, परंतु दान म्हणून नव्हे, कर्जाऊ. विद्यार्थी मिळवता झाला की त्याने ती फेडावी आणि तोच पैसा पुढच्याच्या कामी यावा. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या निधीच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९२४ पर्यंत सनदी नोकरीत शिरलेल्या दर पाच हिंदी गृहस्थांत दोघे टाटांच्या निधीवर शिकलेले होते, असे सांगतात. आपल्या मंडळाच्या निधीतून शिकून मोठ्या पगारावर गेलेल्या आणि नंतर वार्षिक वर्गणीदेखील न भरणाऱ्या आपल्या बांधवांनी ही कर्जाऊ पद्धत एकदा ध्यानात घ्यावी. असो.

श्रीमंतांनी द्यावे आणि गरिबांनी घ्यावे, असा एकच प्रकार होता असेही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता, आणि जपान व अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची जबाबदारी उचलली. येथे लोकांनी पैसा दिला, तो मुख्यतः अशासाठी की मुलांनी भट्टीपुढे उभे राहून काच करण्याची विद्या शिकावी. म्हणजे हा कारखाना एका अर्थी शाळाच होता. आज कंपन्यांकडे हात पसरताना, एकेकाळी आपल्याच लोकांनी पैशापैशाने कारखाना उभा केला होता, याची आठवण असलेली बरी.

आता ज्यांचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते त्यांच्याकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे वर सांगितलेल्या मुंबईच्या संस्थेतच शिक्षक होते. एका बढतीच्या वेळी डावलले गेल्यामुळे त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावी बंधू रामचंद्रपंतांसह सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत वसविली, तीच किर्लोस्करवाडी. त्या निवडुंगाच्या माळावर पदवीधर इंजिनिअर येणार कोठून? लक्ष्मणरावांनी आले त्यांना घेतले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी हाताशी काम करता करताच मोठे झाले. दरवडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वसाहतीचा पहारा सोपविण्यापर्यंत या गृहस्थाचा मनुष्यस्वभावावरील विश्वास गेला होता. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे पालक आमच्याकडे रडत येत, तेव्हा आम्ही त्यांना फळणीकरांचे नाव सांगत असू. त्याने सर्वांचे समाधान होई असे नाही, पण मुलाचे डोळे मात्र वर होत.

जाहिरात या शब्दास बिचकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट येथे सांगतो. किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याने कित्येक मराठी घरांतील विचारांस नवे वळण दिले. तेव्हा जाहिरातीतून चांगले निपजतच नाही, असे म्हणता येणार नाही. ती कोणाच्या हाती आहे आणि तिला किती काळ जोपासले जाते, यावर सारे आहे.

याच नांगराच्या कारखान्याशी कर्मवीर भाऊराव पाटलांचा संबंध आला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. भाऊराव किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केले, आणि सातारा रोडच्या कूपर कारखान्याशीही त्यांचा संबंध होता. नांगर विकावयास बांधावर गेलेल्या या माणसाने शेतकऱ्याच्या घरातील निरक्षरता जवळून पाहिली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. ‘कमवा आणि शिका’ हे तेथे नुसते ब्रीद नव्हते. मुले खरोखरीच शेतात राबत, दगड फोडीत, स्वयंपाक करीत आणि मग पुस्तक उघडीत. सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. आपल्यासारख्या एका ज्ञातीपुरत्या मंडळाने हे वाचताना थोडे अवघडून जावे, हे योग्यच आहे. आमच्यापुरते बोलावयाचे तर आम्ही अवघडतो.

मोठ्या कारखान्यांनी स्वतःची शिकवणीची खाती काढली, ती हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने १९२१ मध्ये तांत्रिक विद्यालय उघडले, ते परदेशी करारावरील तज्ज्ञांच्या जागी हिंदी माणसे तयार करण्यासाठी. पुढे पुण्यास मोटारींचा कारखाना उभारताना सुमंत मूळगावकरांनी उमेदवारांच्या शिक्षणास आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान दिले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील किती तरी लहान कारखान्यांचे मालक मोठ्या कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारीतूनच वर आले आहेत.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने कायद्यात बसविले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या संस्था निघाल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. पुढील दुरुस्त्यांनी पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक झाले. या कायद्यातील एक गोष्ट आपल्या पालकांस माहीत नसते: उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यास नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही.

कायद्याचा कागद आणि कारखान्याचे दार यांत किती अंतर असू शकते, हे आम्ही आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिले. मुलगा फिटरचा, हात चांगला, वर्तन नम्र. त्यास एका कारखान्यात वर्षाची उमेदवारी मिळाली, तेव्हा त्याच्या आईने आमच्या घरी पेढे आणून दिले. वर्षभर त्याने गोदामात खोकी मोजली, साहेबांचा चहा आणला, फरशी पुसली. यंत्रास हात लावू दिला गेला तो यंत्र पुसण्यापुरता. रोजच्या कामाची नोंदवही मात्र शेवटच्या आठवड्यात कोणी तरी एकहाती भरून दिली. प्रमाणपत्र मिळाले. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीस गेला असता त्याच्या हाती मापनपट्टी दिली, ती त्यास वाचता येईना. तो घरी आला आणि आठ दिवस कोणाशी बोलला नाही. आम्हीच त्यास तेथे धाडले होते. वर्षभरात एकदाही आम्ही त्या कारखान्यात डोकावलो नाही. हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही येथे कबूल करतो.

२००७ पासून देशातील १,३९६ सरकारी आयटीआय सुधारण्याची योजना आली. प्रत्येक संस्थेस अडीच कोटी रुपये बिनव्याजी कर्ज, आणि तिच्या व्यवस्थापन समितीवर उद्योगातील भागीदार अध्यक्ष. त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने सामाजिक जबाबदारीचा खर्चच सक्तीचा केला. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावयाची. शिक्षण आणि रोजगारास उपयोगी कौशल्ये ही त्या कामांच्या यादीत आहेत. आपल्या दारी जे अधिकारी आले ते या कायद्यामुळे आले. तेव्हा त्यांच्यापुढे आपण याचक म्हणून उभे राहण्याचे कारण नाही. त्यांना खर्च करावयाचाच आहे. तो कशावर व्हावा, एवढेच आपण सांगावयाचे आहे.

पेटिटांनी जागा दिली, टाटांनी कर्ज दिले, लक्ष्मणरावांनी तर केवळ हाताला काम दिले. या सर्वांत मुलांच्या आयुष्यभर पुरले ते असे की, कोणी तरी जाणत्याने त्यांस यंत्रापाशी उभे करून चूक करू दिली. दप्तरे दोन पावसाळ्यांत फाटतात. म्हणून कार्यकारी मंडळाच्या अनुमतीने आम्ही त्या कंपनीस पत्राचा मसुदा करून दिला आहे. मेळावा खुशाल भरवावा, फलकही लावावा. त्याबरोबर आमच्या दहा मुलामुलींस वर्षभर आपल्या कारखान्यात घ्यावे, प्रत्येकाचे नाव एका जाणत्या कारागिराशी जोडून द्यावे, आणि दर महिन्यास मंडळाच्या एका माणसास आत येऊन नोंदवही पाहू द्यावी, अशी विनंती त्यात केली आहे. दहा जागांपैकी काही जागा आपल्या वस्तीतील इतर ज्ञातींच्या मुलांसाठी ठेवाव्यात असे आम्ही सुचविले होते. त्यावर सभेत बराच वाद झाला आणि अखेर तीन जागांवर तडजोड झाली.

दरमहा आत जाऊन नोंदवही पाहण्याचे काम आम्ही स्वतःकडे मागून घेतले आहे. वर उल्लेखिलेला आमचा तो विद्यार्थी पुढे एका लहान वर्कशॉपमध्ये नव्याने शिकला आणि सांप्रत तेथेच लेथ चालवितो. नोंदवहीत काय पाहावयाचे ते सांगण्यास आपण बरोबर येऊ, असे त्याने कळविले आहे. कंपनीचे उत्तर हा लेख छापावयास देईपर्यंत आलेले नाही.