भाड्याचे घर आणि गहाणाचा कागद
आपण भाडेकरूंचा इतिहास लिहितो, घरमालकांचा लिहीत नाही. कारण आपल्यात घरमालक झाले तरी किती? १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना हुसकावले गेले, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राहण्यासाठी 'राजगृह' आणि भाड्याने देण्यासाठी 'चार मिनार' बांधली, याची चर्चा फारशी होत नाही. १९४१ मध्ये 'चार मिनार' विकावी लागली. डोक्यावर कर्ज होते, ग्रंथही घ्यायचे होते. बॅरिस्टराची ही गत, तर इतरांची काय असणार?

भाड्याचे घर बांधायला कर्ज लागते आणि कर्जाला तारण. महाराकडे गावात जमीन होती, पण ती वतनाची. १८७४ च्या कायद्याप्रमाणे सरकारी मंजुरीवाचून ती वतनाबाहेर कायमची देता येत नसे. अशा जमिनीवर सावकार पैसा कशाला लावील? (तिच्या मोबदल्यात राबवून घ्यायला मात्र गाव आणि सरकार दोन्ही तयार.) १९५८ च्या कायद्याने वतन गेले, जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाली, तरी हस्तांतराला कलेक्टरच्या परवानगीची अट राहिलीच.

यातूनही कोणी दोन खोल्या बांधल्याच, तर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे गोठवलेले. जुन्या खोलीला १ सप्टेंबर १९४० चे भाडे, नव्या खोलीला पहिल्यांदा ठरले ते. या कायद्याच्या आडोशाने आपली हजारो कुटुंबे चाळींत टिकली, हे मी नाकारत नाही. पण गळके छप्पर त्या भाड्यातून शाकारता येईना. मोठ्या मालकाने पगडी घेऊन भरपाई केली. आपल्या दोन खोल्यांच्या मालकाला पगडी कोण देणार? सवर्ण भाडेकरू पायरी चढण्याआधी मालकाचे आडनाव विचारी.