पंढरीची वाट आणि ध्वनिमुद्रिका

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांची दृष्टी बहुधा दरबार, घराणे आणि नाट्यगृह ह्या तीन ठिकाणी खिळून राहिली आहे. ख्यालगायकांची वंशावळ आम्हांस तोंडपाठ असते. नाट्यपदांच्या चालींचा उगम कोणता, ह्यावर आम्ही हिरिरीने वाद घालतो. परंतु राहात्याच्या बाजारात, शिर्डीच्या रस्त्यावर अथवा लोणीच्या ऊसमळ्यात लोकांच्या कानी जे गाणे गेली पन्नास वर्षे पडत आले, त्याचा विचार करण्याची वेळ आली म्हणजे आमची लेखणी थबकते. ते गाणे फार लोकांना आवडते, एवढ्याच कारणाने ते विचारास अपात्र ठरले की काय, अशी शंका येते. ह्या लेखात आम्ही प्रल्हाद शिंदे ह्या लोकगायकाच्या ध्वनिमुद्रित भक्तिगीतांचा आणि त्यांच्या स्वागताचा विचार करणार आहो, आणि तो राहाता तालुक्याच्या भूमीवर उभे राहून करणार आहो.

ही भूमी निवडण्यास कारण आहे. राहाता हा स्वतंत्र तालुका १९९९ साली झाला. पण त्याच्या पोटातील गावे फार जुनी आहेत. गोदातीरी पुणतांबे आहे, तेथे चांगदेवांची समाधी दाखवितात. शिर्डी आहे, साकुरी आहे, आणि प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले लोणी आहे. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या उद्योगाने १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे चाक प्रथम फिरले. देवाची वाट आणि उसाची वाट ह्या तालुक्यात एकमेकींस छेदतात. जे गाणे देवाचे आहे, परंतु पैसा मोजून विकत घेतले जाते, त्याचा अभ्यास करण्यास ह्याहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

यंत्र येण्यापूर्वी गाणे कसे पसरत असे, ह्याचा उत्तम दाखला येथेच मिळतो. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच संतकवी दासगणू, हे ह्याच जिल्ह्यातील अकोळनेरचे. जन्म १८६८ चा. तरुणपणी ते पोलिसांच्या नोकरीत होते आणि लावण्या रचण्याचा त्यांना नाद होता. नानासाहेब चांदोरकरांच्या संगतीने ते शिर्डीस आले आणि पुढे नोकरी सोडून कीर्तनकार झाले. अंगरखा, उपरणे आणि फेटा असा थाट करून कीर्तनास निघालेल्या दासगणूंना साईबाबांनी नवरदेव म्हणून हसविले व तो पोशाख उतरविण्यास सांगितले, अशी कथा दाभोळकरांच्या साईसच्चरितात आहे. तेव्हापासून उघड्या अंगाने, हाती चिपळ्या घेऊन ते उभे राहत. शिर्डीचे नाव मुंबई-ठाण्याकडे गेले त्यात त्यांच्या कीर्तनाचा वाटा मोठा आहे. ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरातील कीर्तन ऐकून एका गरीब उमेदवार कारकुनाने नवस केला, हे आख्यान प्रसिद्धच आहे. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ठाण्यातील माणसास शिर्डी कळावयास दासगणूंना स्वतः ठाण्यास जावे लागले. गाणारा जाईल तेथेच गाणे जात असे.

शेजारच्या संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा हीही ह्याच मुलखातली. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुळकर्णीपण आणि जात दोन्ही मागे टाकून पठ्ठे बापूराव झाले आणि महार कुळातील पवळेसह तमाशाच्या बोर्डावर उभे राहिले. एका ब्राह्मणाने शब्द द्यावे आणि अस्पृश्य मानलेल्या स्त्रीने त्यांस कंठ द्यावा, हा प्रकार त्या काळी समाजाला सोसला नाही. गाण्याच्या पायी जातीची वेस ओलांडण्याचा हा प्रसंग आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतो, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता यंत्राकडे वळू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि गोहरजानचा आवाज त्याने तबकडीवर उतरविला. १९०८ साली कलकत्त्यास तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचा अवकाश मिळे. चार तास चालणारे कीर्तन अथवा रात्रभर रंगणारी लावणी त्या तीन मिनिटांत कशी बसावी? आख्यान गळाले, विनोद गळाला, श्रोत्यांशी चालणारा संवाद गळाला. धृपद आणि दोन-तीन कडवी उरली. ध्वनिमुद्रित लोकगीताचा घाट असा यंत्राच्या सोयीने ठरला, आणि पुढे मोठ्या तबकड्या आल्यावरही तो बव्हंशी तसाच टिकला.

अमेरिकेत नेमके हेच घडले. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर टेनेसीमधील ब्रिस्टल ह्या गावी यंत्रे घेऊन उतरला आणि त्याने डोंगराळ मुलखातील कार्टर कुटुंबाचा व जिमी रॉजर्सचा आवाज मुद्रित केला. घराच्या ओट्यावर गायिली जाणारी गाणी बाजारात आली. सुशिक्षितांनी त्या गाण्यास गावंढळ ठरवून तुच्छतेचे नाव दिले. ते जाऊन त्यास ‘कंट्री’ हे प्रतिष्ठित नाव लाभण्यास १९४९ पर्यंत वाट पाहावी लागली. आमच्याकडे अशा गाण्यास अद्याप सर्वमान्य नाव नाही. कोणी लोकगीत म्हणतात; परंतु लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, आणि ह्या गाण्यांना कवी, संगीतकार व गायक आहेत आणि त्यांची नावे वेष्टनावर छापलेली आहेत.

प्रल्हाद शिंदे ह्यांचा जन्म १९३३ चा आणि अंत २००४ चा. कव्वाली, भीमगीत आणि भक्तिगीत ह्या तिन्ही प्रांतांत त्यांचा संचार होता. त्यांच्या भक्तिगीतांपैकी पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचे गीत सर्वांत अधिक गाजले. शब्द दत्ता पाटील ह्यांचे आणि चाल मधुकर पाठक ह्यांची. सत्यनारायणाच्या कथेचे गीत आणि गणपतीचे सुखकर्ता म्हणून केलेले स्तवन ही दोन गीते पूजेच्या दिवशी व भाद्रपदात न ऐकलेला मराठी मनुष्य विरळा.

ह्या गाण्यात असे काय आहे? प्रथम आवाज. तो उंच पट्टीतला, भरदार व मोकळा आहे; त्यास मैदानाची सवय आहे. कव्वालीच्या मैफलीत दूरच्या श्रोत्यापर्यंत शब्द पोहोचविण्याचे जे कसब गायकास साधावे लागते, ते येथे देवाला हाक मारण्याच्या कामी आले आहे. दुसरे, उच्चार. एकही अक्षर अर्धवट राहत नाही. निरक्षर श्रोत्यास एका ऐकण्यात धृपद पाठ होते. तिसरे, साथ. ठेका, टाळ आणि मागून झेलणारे कोरसचे आवाज हा सारा संसार भजनी मंडळीचाच आहे. त्यामुळे बंद खोलीत मुद्रित झालेले गाणे ऐकणाऱ्यास आपल्याच गावच्या पारावरचे वाटते. अभंगाची गंभीर चिंतनशीलता येथे नाही, हे खरे; पण संसाराच्या ओझ्याने वाकलेल्या माणसाची देवाशी चाललेली सलगी आहे, आणि प्रसंगी रुसवाही आहे.

तबकडी ही वस्तू मुळात खेड्याची नव्हे. तिला महाग यंत्र लागे आणि ती जपावी लागे. खरा पालट घडविला तो ध्वनिफितीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही चिमुकली डबी आमच्या देशात १९८० च्या सुमारास घरोघर गेली. १९८० ते १९८६ ह्या अवधीत मुद्रित संगीताची उलाढाल सुमारे दहापट झाली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. एका मोठ्या कंपनीची मिरास संपली आणि लहानमोठ्या अनेक कंपन्या निघाल्या. ध्वनिफीत छापण्यास भांडवल थोडे पुरे. त्यामुळे जिल्ह्याच्या बोलीत, जातिजमातींच्या उत्सवांसाठी, एकेका यात्रेपुरतीसुद्धा गाणी निघू लागली.

राहाता तालुक्यास हा काळ मोठा अनुकूल होता. उसाने हाती पैसा आला होता, वीज आली होती. इकडे १९७७ साली शिर्डीच्या साईबाबांवरील हिंदी चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटातील महंमद रफींच्या कव्वालीने शिर्डीचे नाव देशभर नेले. यात्रेकरूंचा ओघ वाढला. प्रसाद, उदी आणि तसबिरी ह्यांच्या जोडीस शिर्डीच्या दुकानांत ध्वनिफिती आल्या. दासगणू ठाण्यास चालून गेले होते. आता ठाण्याचा यात्रेकरू गाणे पिशवीत घालून परत नेऊ लागला.

आता स्वागताचा प्रश्न. लोकांनी केलेले स्वागत सर्वांसमोर आहे. मांडवातील ध्वनिवर्धक, मोटारचालकाच्या समोरील यंत्र, पहाटेचे देऊळ, सत्यनारायणाचे घर, ह्या ठिकाणी ते दिसते. समीक्षकांचे स्वागत मात्र प्रायः मौनाचे होते. त्या मौनामागे दोन आक्षेप असावेत. एक असा की, ही गाणी एकाच साच्याची आहेत. दुसरा असा की, ती ध्वनिवर्धकाच्या जोरावर लोकांच्या माथी मारली गेली. दुसऱ्यात तथ्य आहे. मांडवातील कर्कश यंत्राने ज्याची झोप मोडली, त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही. मात्र तो दोष गायकाचा नसून यंत्राचा कान पिळणाऱ्याचा आहे. पहिल्या आक्षेपास उत्तर असे की, साचा हा समूहाने म्हणावयाच्या गाण्याचा गुणच होय. आरतीचाही साचा असतो, ओवीचाही असतो. एकट्याने ऐकावयाच्या रागदारीची कसोटी सर्वांनी मिळून म्हणावयाच्या गाण्यास लावणे म्हणजे तराजूने कापड मोजणे आहे.

परंतु ह्याहून खोल असा एक प्रश्न आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रल्हाद शिंदे आंबेडकरी समाजातले. ज्या समाजाच्या चोखोबास विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर राहावे लागले आणि ज्याची समाधीही त्या द्वारापाशीच झाली, त्या समाजातले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले आणि जुन्या देवदेवतांस न मानण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. अशा समाजातील गायकाने विठ्ठलाची आणि सत्यनारायणाची गाणी गावी, ह्यावर दोन्ही बाजूंनी प्रश्न उभा राहतो. एक बाजू विचारील की, प्रतिज्ञेचे काय झाले? दुसरी बाजू काही विचारतच नाही. ती गाणे ऐकते आणि गायकाची जात सोयीस्करपणे विसरते.

आमच्या मते ह्या दुसऱ्या बाजूचे विस्मरण अधिक विचार करण्याजोगे आहे. ज्या घरांच्या ओसरीवर ह्या गायकाच्या आजोबास पाय ठेवता आला नसता, त्या घरांच्या देवघरात त्याचा आवाज पूजेच्या वेळी गेला. हा विजय खरा की यंत्राने केलेला भ्रम? तबकडीस शिवाशीव नसते. पण तबकडी आत घेणारा मनुष्य गायकासही तसाच आत घेईल, असे नाही. आवाज घ्यावयाचा आणि माणूस बाहेर ठेवावयाचा, ही चोखोबाच्या काळची रीत नव्या साधनाने पुढे चालली नाही ना, हे प्रत्येक श्रोत्याने आपल्या मनाशी पाहावे. गायकाच्या अंतःकरणाची झडती घेण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही. त्याच कंठाने त्यांनी भीमगीतेही गायिली, आणि ती ऐकावयास तोच कष्टकरी समाज रात्र-रात्र बसला. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक ह्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जी भीमगीतांची परंपरा वाढविली, तिच्याशी शिंदे ह्यांचे नाते होते. दोघेही २००४ सालीच निवर्तले.

ह्या संदर्भात रे चार्ल्स ह्या अमेरिकन निग्रो गायकाचे उदाहरण आठवते. १९६२ साली त्याने गोऱ्या ग्रामीणांची म्हणून समजली जाणारी गाणी घेऊन एक संपूर्ण तबकडी काढली, आणि ती चौदा आठवडे खपाच्या यादीत अग्रस्थानी राहिली. ते गाणे केवळ गोऱ्यांचे नव्हतेच, हे तिने ऐकणाऱ्यांस पटविले. शिंदे ह्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी तेच काम येथे केले. विठ्ठलाचे गाणे कोणाच्या मालकीचे, ह्या प्रश्नाचे उत्तर पठ्ठे बापूराव-पवळांच्या फडाने एका दिशेने दिले होते. ह्या आवाजाने ते उलट दिशेने दिले.

शिंदे घराण्याची गाणी पुढेही चालली. आनंद आणि मिलिंद ह्या पुत्रांनी १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींच्या बाजारात मोठे नाव मिळविले आणि नातू आदर्श चित्रपटगीतांत पुढे आले. ध्वनिफीत मात्र आता लयास गेली. तिच्यावरील पातळ थर झडतो, फीत चिकटते, बुरशी चढते. मुख्य गाणी नव्या साधनांवर सुरक्षित आहेत. परंतु एकेका यात्रेसाठी निघालेल्या, लहान कंपन्यांच्या ध्वनिफिती आणि त्यांच्या वेष्टनांवर छापलेली कवी, संगीतकार, ढोलकीवादक ह्यांची नावे झपाट्याने नाहीशी होत आहेत. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जिल्ह्याचा इतिहास नव्याने लिहिण्याची हौस अशा वेळी साहजिकच वाढते. त्या हौशीत गावोगावच्या वाचनालयांनी एक साधे काम हाती घ्यावे: आपल्या गावातील घरांत माळ्यावर पडलेल्या ध्वनिफिती गोळा कराव्या, त्यांची यादी करावी, आणि वेष्टनावरील प्रत्येक नाव उतरून ठेवावे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी पेटी असेल, त्यांनी ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.