अक्षराला माथा कसा आला? जुन्नरची लेणी, बोरू आणि सेरिफ

नाणेघाटाच्या माथ्यावरील गुहेत एकेकाळी सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा उभ्या होत्या. आज त्या नष्ट झाल्या आहेत. उरली आहेत ती त्यांच्या वर कोरलेली नावे. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सिरी सातकणी, महारठी त्रनकयिर. प्रतिमांपेक्षा अक्षरे टिकली. याच गुहेच्या बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे अशा दक्षिणेची नोंद आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्यातील अंकांवर लिहिले आणि हा लेख अंकलेखनाच्या इतिहासात अजरामर झाला.

अंकांकडे सर्वांचेच लक्ष जाते. अक्षरांच्या माथ्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली ही ब्राह्मी अक्षरे अजून बरीचशी साध्या रेघांची आहेत. ‘क’ म्हणजे अधिकचिन्ह, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभा केलेला दांडा. रेघ जिथे सुरू होते, तिथे ती फारशी जाड होत नाही. आजच्या मुद्राक्षरकलेच्या भाषेत अशा अक्षराला सेरिफ नसलेले अक्षर म्हणतात. रेघेच्या टोकाला येणारी छोटी जाडी, पट्टी किंवा पाचर म्हणजे सेरिफ.

नाणेघाटाहून जुन्नरला यावे आणि गावाच्या दक्षिणेकडील मानमोडीचा डोंगर चढावा. तेथे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने दिलेल्या मंडपाचा आणि पाण्याच्या पोढीचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ दिले आहे. ते शक संवताचे मानल्यास इ.स. १२४ येते. क्षत्रपकाळातील या लेखनशैलीत उभ्या दांड्याच्या माथ्यावर एक ठळक, जाडसर खूण बसू लागते. अक्षराने जणू मुंडासे बांधले. नाणेघाट ते मानमोडी हे अंतर एका दिवसात कापता येते; अक्षराला मात्र त्यासाठी दीड-दोन शतके लागली.

ही जाडी आली कुठून? पुरालिपीच्या अभ्यासकांचे उत्तर असे: दगडातून नव्हे, लेखणीतून. रुंद, तिरक्या कापलेल्या टोकाची लेखणी पृष्ठभागावर टेकवताच पहिल्या स्पर्शाला शाईचा जाड ठसा उमटतो आणि मग रेघ खाली ओढली जाते. रोज हाताने लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांना तो ठसा अक्षराचाच भाग वाटू लागला. पुढे लेणीच्या भिंतीवर मजकूर आखला गेला तेव्हा पाथरवटाच्या छिन्नीने तो ठसाही इमानाने कोरला. अहमद हसन दानी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात भारतीय लिपींच्या या बदलाचा संबंध लेखणीशी जोडला आहे.

आता क्षणभर रोमला जाऊ. इ.स. ११३ मध्ये तेथे सम्राट त्राजानाचा स्तंभ उभा राहिला. त्याच्या पायथ्याचा शिलालेख पाश्चात्त्य सेरिफ अक्षरांचा आदर्श मानला जातो; कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये त्यावरून ‘त्राजान’ नावाचा फॉन्टच घडवला. तेथेही फार काळ समजूत होती की सेरिफ ही छिन्नीची देणगी. एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ मध्ये मांडले की ती अक्षरे आधी सपाट कुंचल्याने रंगवली गेली आणि मग कोरली गेली. त्राजानाचा स्तंभ आणि अयमचा लेख यांच्यात जेमतेम दशकभराचे अंतर आहे. रोमचा सेरिफ सह्याद्रीत आला, असे सुचवण्याचे यात काही कारण नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांची नावे आहेत खरी. पण त्यांनीही आपली दाने ब्राह्मीत, प्राकृतातच नोंदवली. रुंद टोकाचे साधन हाती आले की अक्षराला माथा फुटतो, हा दोन्हीकडचा समान धागा.

येथून वनस्पतींची गोष्ट सुरू होते. ‘वनस्पतींवरून प्रेरित अक्षर’ म्हटले की अक्षराच्या टोकाला पान चिकटवण्याची कल्पना चटकन सुचते. लग्नपत्रिकांवर ती भरपूर दिसते. जुन्नरचा पुरावा वेगळी दिशा दाखवतो. मानमोडीच्या भूतलेण्याच्या दर्शनी कमानीत अर्धकमळ कोरले आहे. त्याच्या पाकळ्यांच्या कप्प्यांत मध्यभागी लक्ष्मी, तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती आणि हात जोडलेले उपासक आहेत. याच दर्शनी भागावर चंद यवनाचा छोटासा दानलेख आहे. कमळ पूर्ण फुललेले. अक्षरे मात्र एकही पाकळी न मिरवता सरळ उभी. कोरणाऱ्याला फूल कोरता येत होते, तरी त्याने ते अक्षरात घातले नाही.

झाडे लेखांच्या मजकुरातही आहेत. कोणाचिक श्रेणीशी निगडित असलेल्या अदुथुम नावाच्या शक उपासकाच्या दानलेखात वडालिका गावची २० निवर्तने जमीन करंजाच्या आणि कटपुतक येथील ९ निवर्तने वडाच्या उल्लेखाने नोंदली आहेत. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्या ‘वंसकारां’ची आणि कांस्यकारांची श्रेणी भेटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरच्या बाजारात बांबूला एवढे महत्त्व होते की त्याच्या कारागिरांकडे धर्मादाय ठेव ठेवली जाई.

अक्षर आणि वनस्पती यांचे नाते साधनात आहे. बोरू हा मुळात गवताच्या जातीचा पोकळ दांडा. त्याचे टोक किती तिरपे कापले, यावर रेघेची जाडी-बारीकी ठरते. हिरडा हे तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांचे स्वतःचे फळ. आजही आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. हिरड्यातील तुरट द्रव्य हिराकसाशी मिळाले की काळी शाई तयार होते. मराठेशाहीत ‘जुन्नरी कागद’ नावाजलेला होता. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेघा ओढून घेई आणि मग अक्षरे तिला टांगत जाई. दांडा, तुरट फळ, कागदाचा लगदा: या तिन्ही गोष्टी जमिनीतून उगवलेल्या.

मानमोडीच्या त्या जाडसर माथ्याचे पुढे काय झाले? चौथ्या-पाचव्या शतकांत विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांवर त्याची चक्क चौकोनी पेटी झाली. वा. वि. मिराशींनी संपादित केलेल्या या लेखांतील लिपीला म्हणूनच पेटिकाशीर्षक म्हणतात. इतरत्र कुठे तो खिळ्याच्या डोक्यासारखा, कुठे त्रिकोणी झाला. हळूहळू रुंदावत शेजारच्या अक्षराला भिडला आणि नागरीत अखंड शिरोरेघा बनला. आज मराठी मुले ज्या रेघेखाली अक्षरे लिहितात, तिचे मूळ अशा छोट्या ठशात आहे. ‘इ’ची खूणही अशीच बदलली. अशोककाळातील बहुतेक लेखांत ती कोनासारखी काटकोनी होती. पुढे वळत, लांबत गेली. मराठीने तिला नाव दिले वेलांटी, आणि त्या शब्दात वेल ऐकू येतेच.

मग आज जुन्नरच्या अक्षरांवरून कोणी फॉन्ट घडवायला बसले, तर? येथे प्रश्न निव्वळ सौंदर्याचा राहत नाही. २०१० मध्ये युनिकोडने ब्राह्मीला संगणकात जागा दिली. मौर्यकाळापासून पुढच्या अनेक शतकांची, अनेक प्रदेशांची वळणे एकाच संकेतसंचात आली आणि त्यांतील फरक दाखवण्याचे काम फॉन्टवर सोपवले गेले. निर्णय व्यवहार्य होता. परिणाम असा की सहज मिळणाऱ्या, नावातच ‘सॅन्स’ असलेल्या ‘नोटो सॅन्स ब्राह्मी’त अयमचा लेख टंकित केला तर त्याचा माथा गळून पडतो. क्षत्रपकाळाचा लेख वाचकासमोर अशोकाच्या वेशात येतो. शब्द शाबूत राहतात. हात पुसला जातो.

पोथीच्या वळणावरून फॉन्ट घडवता येतो, हे मुंबईच्या ‘एक टाइप’ने जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांवरून केलेल्या ‘जैनी’ने दाखवले आहे. लेण्यांच्या बाबतीत काम अधिक अवघड. दगड झिजलेला असतो, एकच अक्षर एका लेखात चार प्रकारे येते, आणि त्यांतील कोणते रूप लिहिणाऱ्याचे व कोणते छिन्नी घसरल्याचे हे पारखावे लागते. नुसत्या छायाचित्रावरून आखलेला सेरिफ बहुधा गुळगुळीत, रोमन वळणाचा होतो. तिरका कापलेला बोरू शाईत बुडवून तेच अक्षर शंभर वेळा लिहिले, की पाचरीचा उतार कोणत्या बाजूला हवा ते आपोआप कळते. आधी बोरू, मग संगणक, हाच क्रम सुज्ञपणाचा.

आणि हे काम लवकर व्हायला हवे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, आणि नाणेघाटाच्या लेखातील काही ओळी आजच तुटलेल्या आहेत. मानमोडीची वाट मात्र अजून खुली आहे. सकाळी तिरपे ऊन लेखावर पडते तेव्हा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची ती इवलीशी खाच आधी सावलीने भरते, आणि बाकीचे अक्षर नंतर दिसते.