प्रश्न विचारण्याचा हक्क

1893 सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. व्हाइसरॉयसाहेबांच्या कायदेकौन्सिलात अयोध्या प्रांतातील भिंग्याचे राजे उभे राहिले आणि त्यांनी सरकारास एक प्रश्न विचारला. तो सरहद्दीच्या संरक्षणाचा नव्हता, की रुपयाच्या भावाचा नव्हता. सरकारी अंमलदार जिल्ह्यात फिरतीवर निघाले म्हणजे त्यांच्या छावणीस रसद पुरविताना खेड्यातील दुकानदारांची जी ओढाताण होते, तिच्याविषयी तो होता. आपल्या देशाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारास विचारला गेलेला पहिला प्रश्न म्हणून त्याची नोंद आहे. दिल्लीतील आजच्या भव्य सभागृहात रोज जो प्रश्नोत्तरांचा तास भरतो, त्याचा उगम असा खेड्यातल्या वाण्याच्या पीठमिठात आहे, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

हा हक्क 1892 च्या कायद्याने मिळाला. त्यापूर्वी, म्हणजे 1861 च्या कायद्यान्वये भरणाऱ्या कौन्सिलात, सभासदाने पुढे ठेवलेल्या विधेयकावर काय ते बोलावे. सरकारच्या कारभाराविषयी पृच्छा करण्याची सोय नव्हती. मात्र 1892 साली दिलेले दान फारच हात राखून दिलेले होते. प्रश्न आगाऊ लेखी कळवावा, तो अध्यक्षांनी नाकारला तर कारण विचारू नये, आणि उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा करू नये, असे नियम होते. प्रश्न वाचावा, उत्तर ऐकावे आणि मुकाट्याने खाली बसावे!

आम्हां ख्रिस्ती घरांतील मुलांना ही पद्धत परिचयाची आहे. आमचे धर्मशिक्षणाचे पुस्तक प्रश्नोत्तररूपच असे. प्रश्नही छापलेला आणि उत्तरही छापलेले. लहान वयात पाठांतरासाठी ते ठीकच. पण कोणी एखादा द्वाड मुलगा उत्तर संपल्यावर ‘पण असे का?’ म्हणून विचारी, तेव्हा शिकविणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होई. मी गेली कित्येक वर्षे वर्गात उभा आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, की मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे भय मला कधी वाटले नाही. त्याची तयारी घरून करून जाता येते. भय वाटते ते दुसऱ्या प्रश्नाचे.

कायदेमंडळात या दुसऱ्या प्रश्नाला पुरवणी प्रश्न म्हणतात. तो विचारण्याची मुभा 1909 च्या सुधारणांनी दिली, पण केवळ मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदालाच. 1919 च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. माझ्या मते आपल्या संसदीय जीवनाच्या इतिहासात या लहानशा फेरफाराचे महत्त्व पुष्कळ मोठ्या घोषणांहून अधिक आहे. मंत्र्याच्या हातातील कागद खात्यातील अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला असतो. पुरवणी प्रश्नाचे नेमके शब्द त्या कागदावर नसतात. तेथे खाते जाणणारा मंत्री कोणता आणि नुसता वाचून दाखविणारा कोणता, हे साऱ्या सभागृहाला क्षणात कळून येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 1957 सालचे मुंध्रा प्रकरण. ते थोडे मागून सांगावयास हवे. 1955 च्या डिसेंबरात रायबरेलीच्या बाजूचे काँग्रेसचे खासदार फिरोज गांधी यांनी खाजगी विमा कंपन्यांतील पैसा मालक मंडळी कशी आपल्या उद्योगांकडे वळवितात, हे दालमियांच्या विमा कंपनीचा दाखला देऊन लोकसभेत मांडले. पुढल्याच महिन्यात सरकारने आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. शिक्षकाच्या, कारकुनाच्या, पोस्टमनच्या पगारातून कापला जाणारा हप्ता आता सुरक्षित हाती गेला, असे सर्वांना वाटले.

एक वर्षही उलटले नव्हते. 1957 च्या जूनमध्ये या नव्या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे भाग विकत घेतले. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये. मुंध्रा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते, ही गोष्ट बाजारात लपलेली नव्हती. महामंडळाची गुंतवणूक कोठे करावी हे ठरविण्यासाठी एक समिती होती. तिला आधी विचारण्यात आले नाही. सप्टेंबरात लोकसभेत यासंबंधी पहिला प्रश्न आला. उत्तर मिळाले, पण ते मोघम होते. हिवाळी अधिवेशनात पुन्हा प्रश्न, पुन्हा पुरवणी प्रश्न. दर खेपेस उत्तरातून थोडेसे काही बाहेर पडे आणि पुष्कळसे आत राही. अखेर 16 डिसेंबर रोजी फिरोज गांधींनी सारा तपशील सभागृहापुढे मांडला: कोणत्या कंपनीचे भाग, कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने.

लोक त्यांचे ते भाषण आठवतात. मला मात्र वाटते, की निम्मे काम आधीच्या प्रश्नोत्तरांनी केलेले होते. संसदेतील उत्तर छापले जाते. आज दिलेले उत्तर तीन महिन्यांपूर्वीच्या उत्तराशेजारी ठेवून वाचता येते, आणि मग दोहोंतील फट कोणालाही दिसते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रश्न विचारणारा गृहस्थ विरोधी बाकांवरचा नव्हता, सत्ताधारी पक्षाचाच होता. इतकेच नव्हे, पंतप्रधान नेहरूंचा जावई होता. आपल्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यास, टी. टी. कृष्णम्माचारींसारख्या बुद्धिमान आणि तिखट मंत्र्यास, भर सभागृहात अडचणीत धरणे हे काही सोपे नव्हते. नेहरूंच्या सरकारनेही चौकशी टाळली नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांचे एकसदस्य मंडळ नेमण्यात आले. त्यांनी चौकशी मुंबईत उघडपणे चालविली. आत न मावणाऱ्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावले होते. अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अधिकारी, खुद्द अर्थमंत्री, साऱ्यांच्या साक्षी लोकांनी कानांनी ऐकल्या. सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निर्णय छगलांनी दिला, आणि 1958 च्या फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. ते पुढे पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि पटेलसाहेबही 1977 साली अर्थमंत्री झाले. राजकारणातील दारे अशी पुन्हा उघडतात. पण तो वेगळा विषय आहे.

वृत्तपत्राच्या वाचकांनी फिरोज गांधींचे आणखी एक ऋण मानावयास हवे. संसदेत जे बोलले गेले ते वर्तमानपत्राने प्रामाणिकपणे छापले, तर त्याबद्दल संपादकावर खटला होऊ नये, असा कायदा 1956 साली झाला. तो त्यांच्याच खाजगी विधेयकातून झाला. आणीबाणीत हे संरक्षण काढून घेण्यात आले आणि 1977 साली ते परत मिळाले. 1975 च्या जुलैमधील अधिवेशनात तर प्रश्नोत्तरांचा तासच स्थगित होता. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, 1962 सालीही तो स्थगित झाला होता. युद्ध चालू असता ते समजण्यासारखे होते. 2020 च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने तोंडी प्रश्न बंद राहिले, लेखी उत्तरे तेवढी मिळाली. लेखी उत्तर निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. पण त्याच्या पाठोपाठ पुरवणी प्रश्न येऊ शकत नाही.

राष्ट्राच्या प्रश्नांबरोबर गावाचे प्रश्नही याच तासात येतात, आणि काही सुशिक्षित मंडळी त्यांची थट्टा करतात. अमुक स्टेशनावर गाडी का थांबत नाही, तमुक खाडीवर पूल केव्हा होणार, हे काय दिल्लीत विचारावयाचे प्रश्न! भिंग्याच्या राजांना कोणी असे म्हटले असते, तर तो पहिला प्रश्नही राहिलाच असता. आम्हा सीमाभागातील लोकांस या बाबतीत बॅरिस्टर नाथ पै यांचे स्मरण होणे साहजिक आहे. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावचे. 1957, 1962 आणि 1967 अशा तीन वेळा ते राजापूरमधून लोकसभेत गेले. गोव्याची मुक्ती, सीमाप्रश्न, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार, अशा मोठ्या विषयांवर बोलणारा हा वक्ता कोकणच्या रेल्वेची मागणीही तितक्याच आग्रहाने करीत राहिला. 1971 च्या जानेवारीत त्यांचे बेळगावातच निधन झाले.

त्यांच्या जागी प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले आणि 1991 पर्यंत राजापूरचे प्रतिनिधी राहिले. मागणी तीच, फक्त आवाज बदलला. गंमत अशी, की 1977 साली हे प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतःच रेल्वेमंत्री झाले आणि समोरच्या बाकांवरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्याच कारकीर्दीत. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्या वेळी दंडवते अर्थमंत्री होते आणि रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. रोह्यापासून मंगळूरच्या बाजूपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 1998 साली पूर्ण झाला. नाथ पैंच्या मतदारसंघातील लोक आज राजापूर रोड, कुडाळ आणि सावंतवाडी रोड या स्थानकांवर गाडीची वाट पाहत उभे असतात, आणि ती उशिरा का आली याची चौकशी करतात.