‘रेप्युटेडली’ची छाटणी

एखादा हिरा ‘रेप्युटेडली’ शापित असतो, एखादा किल्ला ‘रेप्युटेडली’ झपाटलेला. लोक तसं मानतात, लिहिणारा हमी घेत नाही. आपण वाक्यात ‘म्हणे’ टाकतो तसंच. ‘अलेजेडली’त आरोप असतो, ‘रिपोर्टेडली’मागे कुणाचं तरी वृत्त असतं. ‘रेप्युटेडली’ला मात्र मुरलेला लौकिक लागतो, काल उठलेल्या अफवेला ते शोभत नाही. ‘रेप्युटेबली’ निराळं: प्रतिष्ठेला साजेशा रीतीनं.

इंग्रजीत हे क्रियाविशेषण 17व्या शतकात रुळलं. त्याचं मूळ असलेलं लॅटिन क्रियापद ‘पुतारे’ हा खरा खजिना आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकानं शेतीवर ग्रंथ लिहिला. झाडं-वेली छाटायच्या तिथे तो ‘पुतारे’ वापरतो आणि मळ्यावर आलेल्या मालकानं पैशाचे, धान्याचे हिशेब तपासायचे, तिथेही ‘पुतारे’च! हिशेबावरून पुढे ‘समजणं, मानणं’ हा अर्थ आला. ‘रे’ लागून फिरफिरून हिशेब घालणं झालं. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्युटेशन ही याच घरातली भावंडं.

पण कोयत्याचा वहीशी संबंध काय? व्हारो या रोमन पंडितानं उत्तर दिलं आहे: पुतारे म्हणजे शुद्ध करणं. छाटणारा झाड स्वच्छ करतो, हिशेबातून स्वच्छ बेरीज निघते. निर्भेळ चांदीला रोमन ‘पुरुम पुतुम’ म्हणत. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. आपली चांदी चोख असते आणि हिशेबही चोखच असतो. व्हारोचं खरं मानलं तर हा शब्द संस्कृत ‘पू’ धातूच्या, म्हणजे पवित्र, पावक, पूत यांच्या गोतातला ठरतो.

काही भाषाशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. ते पुतारेचं नातं लॅटिन ‘पवीरे’शी, म्हणजे ठोकणं-बडवणं याच्याशी लावतात. पेव्हमेंट त्यातूनच आलं. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो: संस्कृत ‘पूत’मध्ये दीर्घ ऊ, लॅटिन ‘पुतुस’मध्ये, म्हणजे वरच्या ‘पुतुम’मध्ये, ऱ्हस्व. पण संस्कृत ‘वीर’ लॅटिनमध्ये ऱ्हस्व ‘विर’ होतोच ना? मग ‘पूत’चा ‘पुतुस’ का होऊ नये? शिवाय ठोकण्यातून हिशेबापर्यंत पोचायची वाट लांबची वाटते, शुद्धीतून सरळ सापडते.

माझ्या मते आणखी एक आडवाट आहे. नाशिककडे द्राक्षाच्या गोडी छाटणीला काडीवरचे डोळे मोजतात, फळ धरणारा डोळा कितवा ते ठरवतात आणि मगच कात्री चालवतात. एक डोळा चुकला तर घड हुकतो. रोमन माळ्यालाही न मोजता छाटता आलं नसणार. म्हणून छाटणं आणि मोजणं यांना एकच क्रियापद मिळालं, असा माझा तर्क आहे.

पुढे लौकिक खरोखरच हिशेबात धरला गेला. इंग्लंडच्या दिवाळखोरीच्या कायद्यात ‘रेप्युटेड ओनर’ आला आणि 1909च्या प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टखाली मुंबईलाही लागू होता. दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याच्या धंद्यात दुसऱ्याचा माल असेल, तो खऱ्या मालकाच्या संमतीनं तिथे असेल आणि लोक व्यापाऱ्यालाच मालक समजत असतील, तर तो माल देणेकऱ्याच्या मालमत्तेत धरून सावकारांना वाटला जाई.